वसंताच्या खुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संक्रांतीचा तिळगूळ डब्याच्या तळाशी गेला की वाचकांची पत्रे बदलतात. एखाद्या फुलाचे धूसर छायाचित्र, त्याखाली ‘हे कोणते झाड?’, आणि मागोमाग ‘यंदा सगळे लवकर आले का?’ अशी पृच्छा. गेल्या काही वर्षांत पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात पुन्हा न देता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. महाराष्ट्रात वसंत ऋतू खरोखर असतो का? आमच्याकडे थंडी संपली की थेट उन्हाळाच लागतो.

असतो, पण तो तापमानात शोधला तर सापडत नाही. भारतीय हवामान विभाग जानेवारी-फेब्रुवारी हे हिवाळ्याचे आणि मार्च ते मे हे मान्सूनपूर्व काळाचे महिने मानतो. त्या कोष्टकात वसंताला जागाच नाही. पुण्यासारख्या ठिकाणी फेब्रुवारीत पहाट आणि दुपार यांच्या तापमानात सुमारे २० अंशांचे अंतर पडते, त्यामुळे सकाळी स्वेटर घालून निघालेला माणूस दुपारी रसवंतीगृह शोधतो आणि ‘हा कसला ऋतू’ म्हणून त्रासतो. बर्फ वितळून जमीन हिरवी होते तो वसंत थंड देशांचा. आपल्याकडे जमीन करडी होत जाते, गवत वाळते, ओढे आटतात आणि त्याच वेळी झाडे फुलतात, पालवतात. आपला वसंत जमिनीवर दिसत नाही. तो झाडांच्या शेंड्यांवर असतो आणि तेथेच पाहावा लागतो.

२. वसंत नेमका कधी सुरू होतो : वसंतपंचमीला, २१ मार्चला की पाडव्याला?

या प्रश्नाची चार उत्तरे आहेत आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. चांद्र महिन्यांप्रमाणे चैत्र आणि वैशाख हे वसंताचे महिने, म्हणजे त्याची सुरुवात गुढीपाडव्याला. सूर्याच्या सायन गतीवरून, म्हणजे वसंतसंपातापासून मोजलेल्या त्याच्या स्थानावरून, ऋतू मोजले तर तो १८-१९ फेब्रुवारीच्या सुमारास लागतो. घरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकोनात ‘सौर वसंत ऋतू प्रारंभ’ असे बारीक अक्षरात छापलेले आढळेल. २०-२१ मार्चचा वसंतसंपात हा दिवस व रात्र जवळजवळ समान असण्याचा क्षण आहे. आपले राष्ट्रीय सौर वर्ष त्याच्याशीच जोडलेले असून ते २२ मार्चला, लीप वर्षी २१ मार्चला, सुरू होते.

माघ शुद्ध पंचमीला येणारी वसंतपंचमी मात्र चांद्र गणनेने शिशिरातच पडते. ऋतू लागण्याआधी त्याची चाहूल साजरी करण्याचा तो दिवस आहे. पंढरपुरात त्या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचा विवाहसोहळा होतो.

झाडे यांपैकी कोणतेच पंचांग पाहत नाहीत. पाडवा २०२४ मध्ये ९ एप्रिलला होता आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. अधिक मासाच्या हिशेबामुळे तो असा तीन-चार आठवडे पुढेमागे होतो. म्हणून ‘पाडवा आला तरी कडुनिंब फुलला नाही’ ही तक्रार झाडाविरुद्ध नोंदवू नये.

३. नवशिक्याने पहिली खूण कोणती पाहावी?

पाहण्यापेक्षा हुंगावी. आंब्याच्या मोहोराचा किंचित आंबूस-गोड दरवळ बहुतेक शहरांत पहिला येतो आणि तो संध्याकाळी, वारा पडल्यावर, अधिक जाणवतो. त्यानंतर पिंपळ पाहावा. पिंपळ नसलेली वस्ती महाराष्ट्रात क्वचितच असेल, आणि भिंतीच्या फटीत रुजलेले रोपही चालते. त्याची जुनी पाने गळून तांबूस-गुलाबी, ओलसर चमक असलेली पालवी फुटते आणि आठ-दहा दिवसांत ती पोपटी होते. माझ्या घरासमोरच्या पिंपळाचा हा बदल मी एका वर्षी चार दिवस गावाला गेल्यामुळे जवळजवळ पूर्ण चुकवला, इतका तो झटपट उरकतो.

बाकी खुणा तुमच्या भागावर अवलंबून आहेत. कोकणात करवंदीच्या जाळ्यांवर पांढरी, सुवासिक फुले येतात आणि काजूची बोंडे रंग धरतात. देशावर ज्वारीची काढणी आणि शेताच्या बांधावर भाजलेला हरभऱ्याचा हुळा ही खूण. गडचिरोली, गोंदिया आणि मेळघाटात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले टपटप गळू लागतात आणि ती वेचायला घरेच्या घरे टोपल्या घेऊन निघतात. ज्याने तो वास एकदा घेतला आहे त्याला वेगळी खूण लागत नाही. शहरी खूण हवी असेल तर मोगऱ्याचा गजरा कधी स्वस्त होतो ते पाहावे.

४. पाने तर हिवाळ्यात गळायला हवीत. आमच्याकडे ती ऐन फेब्रुवारी-मार्चमध्ये का गळतात, आणि लगेच नवी कशी येतात?

थंड देशांत पानगळ होते ती थंडी आणि कमी उजेडामुळे. आपल्याकडे तिचे मुख्य कारण पाणी आहे. पाऊस थांबल्यावर जमिनीतील ओल महिन्यामहिन्याने कमी होते आणि पानांतून बाष्पाच्या रूपाने होणारा खर्च झाडाला परवडेनासा होतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील आणि विदर्भातील शुष्क पानझडी जंगले त्यामुळे डिसेंबरपासून विरळ होत जातात. जुनी, कीड लागलेली, पाणी उधळणारी पाने टाकून झाड आपला खर्च आटोक्यात आणते.

मग कडक उन्हाच्या तोंडावर नवी पाने काढण्याचा व्यवहार कशासाठी? करंज, पिंपळ, कडुनिंब, कुसुंब यांची मुळे खोल ओलीपर्यंत पोचतात, त्यामुळे ही झाडे पावसाची वाट पाहत नाहीत. दिवस मोठा होत जातो, आकाश निरभ्र असते, पाने खाणाऱ्या किड्यांची पावसाळी फौज अजून उठलेली नसते. पाऊस येईपर्यंत पाने जून होऊन कामाला लागलेली असतात. कोवळी पाने लाल-तांबडी दिसतात, कारण त्यांत हरितद्रव्य कमी आणि तांबडे रंगद्रव्य जास्त असते. ते कोवळ्या पेशींना प्रखर उन्हापासून सांभाळते असे मानले जाते. ‘चैत्रपालवी’ हा शब्द आपण ज्या गोष्टीसाठी वापरतो ती ही.

५. डोंगरात लांबून लाल-केशरी झाड दिसते. तो पळस, पांगारा की काटेसावर?

खोडाजवळ जाता आले तर निम्मे काम होते. काटेसावरीचे खोड सरळ, त्यावर शंकूसारखे जाड काटे, फांद्या खोडाभोवती आडव्या पसरलेल्या; फूल तळहाताएवढे, पाच मांसल पाकळ्यांचे, आणि खाली पडताना ‘धप्प’ असा आवाज करणारे. पांगाऱ्याचे काटे लहान आणि काळसर असतात, फुलांचे शेंदरी-लाल तुरे फांद्यांच्या टोकाशी येतात. पळस हा वाकडातिकडा, खडबडीत सालीचा, बिनकाट्याचा असतो. त्याच्या कळीचे देठाकडचे आवरण काळपट, मखमली असते आणि त्यातून पोपटाच्या चोचीसारखे वाकलेले केशरी फूल बाहेर येते. संस्कृतात त्याला ‘किंशुक’ म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ याच फुलाला गंध नसल्यामुळे रूप आहे पण विद्या नाही अशा माणसाला सुभाषितकारांनी किंशुकाची उपमा दिली, जी मला नेहमीच पळसावर अन्याय करणारी वाटत आली आहे.

‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण ओळखीसाठी वापरू नये. पांगाऱ्यालाही तीनच पर्णिका असतात, बेलालाही असतात, आणि फुलण्याच्या दिवसांत पळसावर पाने जवळजवळ नसतातच.

तिघांची फुले भरपूर मधुरस देतात. सकाळी आठच्या आत काटेसावरीखाली अर्धा तास उभे राहिल्यास साळुंक्या, शिंजीर, बुलबुल, कावळे आणि खारी यांची एकच झुंबड दिसते. आता अपवाद : मार्चमध्ये आख्खे झाड लालभडक असेल पण जवळ गेल्यावर एकही मोठे फूल नसेल, तर तो कुसुंब आहे आणि तो लाल रंग पालवीचा आहे (प्रश्न ४ पाहावा). आणि फूल पिवळेधमक, झाड निष्पर्ण, जागा खडकाळ उतार असेल तर ती सोनसावर.

६. ‘कोकिळा गाते’ हे बरोबर आहे का? आणि ती हिवाळ्यात कोठे जाते?

‘कुहू’ करतो तो कोकीळ, म्हणजे नर : काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. कोकिळा अंगभर ठिपक्यांची, तपकिरी असते आणि तिचा आवाज ‘किक्-किक्-किक्’ असा तीक्ष्ण असतो. कवितेने मादीला दिलेले श्रेय व्याकरणाला मान्य असले तरी निसर्गाला नाही. कोकीळ महाराष्ट्रात बाराही महिने राहतो. थंडीत तो गप्प असतो आणि दाट पानांत बसतो, म्हणून तो परगावी गेल्यासारखा वाटतो. फेब्रुवारीत तो अडखळत, अर्धवट सूर लावतो. पूर्ण चढती तान मार्चमध्ये ऐकू येते आणि पावसाळा चांगला लागेपर्यंत चालते.

७. कोकीळ पहाटे तीनला ओरडतो, झोप होत नाही. काही उपाय आहे का?

नाही. त्याची कावळ्याच्या घरट्यावर नजर आहे आणि कावळ्यांचा विणीचा काळ संपेपर्यंत तो थांबणार नाही. खिडकी लावून घ्यावी. झाड तोडण्याविषयी सोसायटीत ठराव मांडण्याची विचारणा दोन वाचकांनी केली होती. विणीच्या काळात फांद्या छाटल्याने घरटी जातात आणि नागरी भागात झाड तोडायला परवानगी लागते, एवढे त्यांना कळवले आहे.

८. कोकीळ सोडून आणखी कोणते पक्षी वसंत सांगतात?

चार आवाज शिकून ठेवावेत. तांबट फेब्रुवारीपासून भर दुपारी ‘टुक्-टुक्-टुक्’ असा, तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा, एका लयीत ओरडत राहतो. त्या वेळी त्याची चोच बंद असते आणि गळा फुगत असतो, त्यामुळे आवाज कोठून येतो ते चटकन कळत नाही. दयाळ पहाटे उंच टोकावर, अनेकदा दूरचित्रवाणीच्या जुन्या अँटेनावर बसून शीळ घालतो. माझ्या मते आपल्या परसातला सर्वांत चांगला गवई तोच, कोकीळ नव्हे. पावशाचे ‘पेरते व्हा’ मार्चअखेरपासून ऐकू येते. शेतकऱ्याने ते ऐकून लगेच पेरू नये, पावसाला दोन-अडीच महिने असतात. चौथा आवाज भोरड्यांच्या थव्यांच्या कलकलाटाचा. हे पाहुणे हिवाळ्यात ज्वारीवर ताव मारतात, गोफणीचे दगड चुकवतात, मग पळस-सावरीच्या मधावर येतात आणि एप्रिलमध्ये मध्य आशियाकडे परततात. वसंतात येणाऱ्यांइतकीच जाणाऱ्यांचीही नोंद ठेवावी : पट्टकदंब हंस मार्चमध्ये जलाशय सोडतात आणि एके दिवशी पाणी रिकामे दिसते.

९. आमच्या आंब्याला डिसेंबरातच मोहोर आला. वसंत लवकर आला असे समजावे का?

समजू नये. कोकणातील हापूस नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीने मोहोरतो. घाटावरचे रायवळ आंबे जानेवारी-फेब्रुवारीत. मोहोर ही सरत्या थंडीची कमाई आहे, वसंत तिची वाच्यता करतो. थंडी उशिरा पडली तर मोहोर लांबतो. फळ धरल्यावर पुन्हा कडाक्याची थंडी आली तर त्याच फांदीवर नवा मोहोर येतो, झाडाचे अन्न त्याच्याकडे वळते आणि आधी धरलेली फळे गळतात. बागायतदार याला पुनर्मोहोर म्हणतात आणि त्याला भितात. ज्याला आपण रस्त्यावरून ‘काय सुरेख मोहोरलाय’ म्हणतो, ते झाड मालकाच्या दृष्टीने नुकसानीत असू शकते.

घरच्या झाडाची प्रगती बागायतदारांच्याच शब्दांत मोजावी : कणी, वाटाणा, सुपारी, मग कैरी. कणी पुष्कळ धरते आणि पुष्कळ गळते. एका तुऱ्यावर हजारभर फुले असून शेवटी एखाददुसरे फळ टिकणे हे सर्वसामान्य आहे. मोहोर चिकट होऊन काळा पडला तर तुडतुडे, आणि पांढरी पिठी दिसली तर भुरी रोग. औषधाची मात्रा जवळच्या कृषी सहायकाला विचारावी.

१०. पाडव्याला कडुनिंबच का, आणि तो न मिळाल्यास काय करावे?

आयुर्वेदाच्या ऋतुचर्येनुसार शिशिरात साठलेला कफ वसंताच्या उन्हाने पातळ होऊन बाधतो, म्हणून या काळात कडू, तिखट, तुरट चवी घ्याव्यात. कडुनिंबाची कोवळी पाने आणि फुले, गूळ, चिंच, जिरे, ओवा, हिंग, मिरी, मीठ असा गोळा वाटला जातो. शरीराचे काही असो, झाडाच्या बाजूने पाहिल्यास हा योग सुंदर आहे : वर्षभरात कडुनिंबाची पाने सर्वांत कोवळी असतात ती याच दिवसांत. पाडवा मार्चच्या मध्यात आला तर फुलांऐवजी कळ्याच मिळतात आणि त्या चालतात.

परदेशातील वाचकांसाठी एक सूचना : भारतीय दुकानांत कढीपत्ता सर्रास मिळतो, कडुनिंब क्वचित. एका घरी गुढीला कढीपत्त्याचे डहाळे बांधून तोच गुळाबरोबर वाटल्याचे छायाचित्र आले होते. देवाने ते गोड मानले असेल, पण तो कडुनिंब नव्हे. वाळवलेली पाने नेऊन ठेवणे हाच त्यातल्या त्यात बरा मार्ग, आणि पाने, बिया नेताना त्या देशाचे आयातीचे नियम आधी पाहावेत.

११. चैत्रगौरीचे हळदीकुंकू नेमके कोणत्या दिवशी करतात?

दिवस एक नाही. चैत्र शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर राहते. त्यात सोयीचा दिवस धरावा. आंबेडाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेले हरभरे आणि कलिंगडाची फोड हा बेत पाहिला तर हे हळदीकुंकू म्हणजे वाढत्या उन्हावरचा उताराच आहे. कैरी न मिळाल्यास डाळीत लिंबू पिळता येते, पण मग तिला वाटली डाळ म्हणावे, आंबेडाळ म्हणू नये.

१२. पळसाच्या फुलांचा रंग घरी करता येतो का?

येतो. खाली पडलेली ताजी फुले रात्रभर पाण्यात भिजवावीत किंवा पाण्यात उकळून गाळावीत. पिवळा-केशरी रंग उतरतो. चिमूटभर खाण्याचा चुना घातल्यास तो गडद नारिंगी होतो, पण चुना डोळ्यांना झोंबतो, म्हणून लहान मुले असतील तर तो टाळावा. हा रंग फिका असतो, पुढच्या धुण्यात बराचसा जातो, आणि तेच त्याचे भूषण. फांद्या ओरबाडू नयेत. सडा पुरेसा पडतो. कोकणात व गोव्यात शिमगा-शिगमो फाल्गुनभर रेंगाळतो, तेथे धुळवड आणि रंगपंचमी यांतील कोणत्या दिवशी रंग खेळायचा ते गावाप्रमाणे बदलते.

१३. मुंबईत रस्त्याकडेला गुलाबी फुलांची झाडे असतात. ती चेरी ब्लॉसम आहेत का? आणि गुलमोहर वसंतात मोजावा का?

चेरीला कडक हिवाळा लागतो, तो मुंबईला कधी मिळालेला नाही. विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गाच्या कडेने फुलते ती बसंतराणी, मूळची मध्य अमेरिकेची. घाटांत आणि टेकड्यांवर निष्पर्ण काठ्यांवर फिक्या गुलाबी फुलांचे झुबके दिसतात ते गिरिपुष्प. तेही तिकडचेच, हिरवळीच्या खतासाठी आणलेले. त्याला उंदीरमारी असेही नाव आहे, त्यावरून त्याचा स्वभाव कळावा. गुलमोहर मादागास्करचा आणि तो एप्रिलअखेर पेटतो, म्हणून तो ग्रीष्माचा धरावा. परदेशी फूल पाहून आनंद मानू नये असे नाही, फक्त ते आपल्या रानाची खूण म्हणून मोजू नये.

बहावा हा खरा अवघड अपवाद. तो आपला आहे, फुलतो एप्रिल-मेमध्ये. सौर गणनेने तोवर ग्रीष्म लागलेला असतो, चांद्र गणनेने वैशाख म्हणजे अजून वसंतच (प्रश्न २ पाहावा). मी त्याला वसंतात धरतो, कारण तसे केल्याने ऋतू महिनाभर लांबतो.

१४. मार्चमध्ये गारपीट झाली की वसंत संपला असे समजायचे का?

बंगालच्या उपसागरावरून व अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे आणि उत्तरेकडील थंड, कोरडे वारे यांची गाठ पडते तेव्हा गारा पडतात, आणि असे होण्याचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल हाच आहे. म्हणजे गारपीटही या ऋतूचीच खूण आहे, कोणालाही नको असलेली. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात काढणीला आलेला गहू, हरभरा, द्राक्षे आणि डाळिंबे त्यात गेली. झाडे दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी काढतात. शेतकऱ्याला तसे करता येत नाही, म्हणून ‘गारा पडल्यावर हवा किती छान झाली’ असे लिहिण्यापूर्वी आपण कोठे राहतो याचे भान असावे.

१५. नोंद कशी ठेवावी?

एकच झाड निवडावे, ते रोजच्या वाटेवरचे असावे, आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वारी त्याची कळी, फूल, फळ, कोवळे पान, जून पान यांपैकी काय किती आहे ते लिहावे. ‘काहीच बदल नाही’ हीसुद्धा नोंद आहे आणि नवशिके तीच गाळतात. सीझनवॉच या उपक्रमात देशभरातील स्वयंसेवक अशाच साप्ताहिक नोंदी करतात. दोन वर्षांच्या वहीवरून ‘सगळे लवकर येते आहे’ असा निष्कर्ष मात्र काढू नये.

१६. मी ऑस्ट्रेलियात राहतो. येथे पाडव्याला शरद असतो. मी वसंत कधी मानावा?

पाडवा तिथीनेच करावा, वसंत मात्र झाडांवरून मानावा. दोन्हींची सांगड घालण्याचा अट्टहास नको. दक्षिण गोलार्धात तो सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतो. तेथे १ सप्टेंबरला वॅटल दिन पाळतात, आणि वॅटलचे पिवळे गोंडे पाहिल्यावर बाभळीची आठवण झाली तर ती चुकीची नाही, कारण दोघी नात्यातल्या आहेत. मॉरिशसमधील जुनी मराठी कुटुंबेही विषुववृत्ताच्या त्याच बाजूला आहेत. त्यांच्याकडे आंबा पिकतो तो नाताळच्या सुमारास.

१७. आम्हाला पिवळ्या फुलांचा पळस सापडला आहे. तो कोठे कळवावा?

अशी झाडे दुर्मीळ असतात, पण ती पळसाचीच आहेत. रंगद्रव्यातील फरकामुळे फूल पिवळे किंवा जवळजवळ पांढरे येते. पांढऱ्या पळसाविषयी गुप्तधनाच्या आणि सोने करण्याच्या कथा पसरलेल्या आहेत आणि त्यापायी झाडांची साल व मुळे खणून नेली जातात. म्हणून जागा वनरक्षकाला आणि ओळखीच्या वनस्पती-अभ्यासकाला तोंडी सांगावी, छायाचित्र प्रसिद्ध करताना मागची टेकडी, मंदिर, मैलाचा दगड यांपैकी काही त्यात येऊ देऊ नये, आणि मोबाइलमधील स्थाननोंद काढून टाकावी. आम्हाला पाठवलात तरी गावाचे नाव लिहू नका.